रॅडबॉर्नचा खांदा कोणाच्या मालकीचा होता?

२०२५च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमरा पाचांपैकी तीनच कसोट्या खेळला आणि मोहम्मद सिराज पाचही. ओव्हलवर शेवटच्या सकाळी सिराजने भारताला सहा धावांनी सामना काढून दिला. त्यानंतर ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाकावा, अशा अर्थाचं सुनील गावसकर बोलले. मग काय, घराघरांत एकच सूर लागला: पूर्वीचे बोलर दिवसदिवस टाकायचे, कधी कुरकुर केली का त्यांनी? अमेरिकेत हाच वाद बेसबॉलच्या पिचरांवरून, म्हणजे तिथल्या बोलरांवरून, वर्षानुवर्षं चालू आहे. तिथले ‘पूर्वीचे’ शोधत मागे मागे गेलं की गाडी हमखास एका माणसापाशी येऊन थांबते. चार्ल्स रॅडबॉर्न. लोक त्याला ‘ओल्ड हॉस’ म्हणायचे, म्हणजे म्हातारा घोडा.

१८८४च्या मोसमात प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघासाठी त्याने ६७८ इनिंग पिचिंग केलं. बेसबॉलची इनिंग क्रिकेटसारखी लांब नसते; तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते, आणि सामन्यात अशा नऊ इनिंग असतात. आज एखाद्या पिचरने मोसमात २०० इनिंग टाकल्या तरी त्याची दखल घेतली जाते. त्या वर्षी रॅडबॉर्नने ७३ सामन्यांत सुरुवात केली आणि ७३च्या ७३ शेवटपर्यंत स्वतः टाकले. ४४१ बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. बेसबॉलमध्ये संघाचा विजय पिचरच्या नावावर मांडतात, आणि रॅडबॉर्नच्या नावावर त्या एका वर्षात ५९ किंवा ६० विजय आहेत. हा एकाचा फरक पडला तो एका सामन्यामुळे. त्यात सुरुवात दुसऱ्याने केली होती, रॅडबॉर्न मध्येच आला आणि आघाडी टिकवून गेला. तेव्हाच्या हिशेबाने विजय त्याचा, आजच्या नियमाने पहिल्याचा. यावर आकडेवारीवाले अजून भांडतात. भांडोत बापडे. मला त्या साठाव्या विजयापेक्षा त्या वर्षीच्या जुलैमधल्या एका सौद्यात जास्त रस आहे, कारण सौदा बाजूला ठेवून केलेलं रॅडबॉर्नचं कौतुक अर्धवट आहे, आणि ते सोयीने अर्धवट ठेवलं गेलं आहे.

प्रॉव्हिडन्सकडे त्या मोसमात दोन खरे पिचर होते. एक रॅडबॉर्न, वय २९, आधीच्या वर्षी ६३२ इनिंग टाकून थकलेला. दुसरा चार्ली स्वीनी, तरणाबांड आणि तापट. ७ जूनला स्वीनीने बोस्टनच्या १९ जणांना स्ट्राइकआउट केलं. नऊ इनिंगच्या सामन्यातला हा विक्रम १९८६ साली रॉजर क्लेमन्सने मोडेपर्यंत टिकला. दोघांचं आपसात पटत नव्हतं. जुलैच्या मध्याला बोस्टनविरुद्धचा एक सामना रॅडबॉर्नच्या हातून गेला, मुद्दाम वाईट टाकल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि क्लबने त्याला निलंबित केलं. आठवडाभरात, २२ जुलैला, मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने फिलाडेल्फियाविरुद्ध आघाडीवर असताना स्वीनीला सांगितलं की तू आता राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला फिल्डिंगला जा, बाकीचं पिचिंग दुसरा करील. स्वीनीने साफ नकार दिला आणि तो मैदानच सोडून गेला. दुखापतीशिवाय खेळाडू बदलायची तेव्हा सोय नव्हती. आठ जणांनी, आउटफिल्डमध्ये दोनच माणसं ठेवून, उरलेला सामना खेळला आणि हातातला सामना घालवला. स्वीनी थेट सेंट लुईसला, युनियन असोसिएशन नावाच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. प्रॉव्हिडन्सचे संचालक क्लब बंद करायच्या गोष्टी बोलू लागले.

इथे बँक्रॉफ्ट रॅडबॉर्नकडे गेला. उरलेल्या मोसमाचं जवळजवळ सगळं पिचिंग मी करतो, रॅडबॉर्नने कबूल केलं. बदल्यात दोन गोष्टी मागितल्या: जादा पैसे, आणि मोसम संपल्यावर ‘रिझर्व्ह’मधून सुटका.

पैसे कोणीही मागेल. दुसरी मागणी समजून घेतल्याशिवाय मात्र १८८४ कळत नाही. २९ सप्टेंबर १८७९ रोजी नॅशनल लीगच्या, म्हणजे प्रॉव्हिडन्स ज्या लीगमध्ये खेळत असे तिच्या, मालकांनी बफेलोमध्ये गुपचूप एक करार केला. प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे आणि त्या पाचांना दुसऱ्या कोणत्याही क्लबने हात लावायचा नाही. खेळाडूचा करार एका मोसमाचा असायचा, पण मोसम संपला तरी तो मोकळा होत नसे. त्याच क्लबशी, ते देतील त्या पगारावर पुन्हा सही करायची, नाहीतर बेसबॉल सोडून दुसरा धंदा बघायचा. १८८३ पर्यंत पाचाचे अकरा झाले, म्हणजे जवळपास अख्खा संघच राखीव. क्लबला मात्र खेळाडू नको झाला तर दहा दिवसांच्या नोटिशीवर घरी पाठवता येत होतं. एका बाजूला जन्माची गाठ आणि दुसऱ्या बाजूला दहा दिवस.

तेव्हा रॅडबॉर्नने जुलैमध्ये जे मागितलं ते त्याच्या धंद्यात पैशाने मिळत नव्हतं. आणि मागता आलं तेही केवळ योगायोगाने. स्वीनी पळाला म्हणून, आणि पळून जायला दुसरी लीग होती म्हणून. युनियन असोसिएशन रिझर्व्हचा नियम मानत नव्हती. रॅडबॉर्नसुद्धा तिकडे जाईल, ही भीती प्रॉव्हिडन्सला होतीच. ती लीग एकाच मोसमात बुडाली. वर्षभर उशीर झाला असता तर म्हाताऱ्या घोड्याला सौदा करायला बाजारच उरला नसता.

पुढचं सगळ्या पुस्तकांत आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून त्याने लागोपाठ १८ सामने जिंकले. सकाळी उठल्यावर केस विंचरायलाही हात वर जात नसे म्हणतात. मैदानावर लवकर येऊन आधी चारदोन पावलांवर चेंडू हळूच टाकत राहायचा, खांदा सैल होईल तसं अंतर वाढवत न्यायचा. बाप खाटीक, आणि स्वतःही ते काम केलेलं. थकत नाहीस का असं विचारल्यावर, पहाटे चारपासून रात्रीपर्यंत जड हातोड्याने बैल पाडणाऱ्या माणसाला पाच औंसाच्या चेंडूने काय थकवायचं, अशा अर्थाचं उत्तर त्याच्या नावावर सांगतात. ते तो खरंच बोलला की कोणा वार्ताहराने त्याच्या तोंडी घातलं, देव जाणे. पण हेच वाक्य सगळ्यांना आवडतं. ‘मला मोकळं करा’ ही त्याची मागणी कोणाला पाठ नाही. प्रॉव्हिडन्सने ८४ सामने जिंकून लीगचं विजेतेपद घेतलं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी तीन सामन्यांची लढत झाली तेव्हा २३, २४ आणि २५ तारखेला, सलग तीन दिवस, रॅडबॉर्ननेच टाकलं आणि तिन्ही जिंकले.

१९३९ साली कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोरांच्या दालनात, त्याचा फलक लागला. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा पिचर, मोसमाचे शेवटचे २७ सामने टाकले, २६ जिंकले, वर्ल्ड सिरीजचे लागोपाठ तीन जिंकले, असा मजकूर आहे. त्या बदल्यात त्याला काय मिळायचं होतं, त्याचा उल्लेख नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या फ्लेक्सवर बैलाचा फोटो मोठा आणि खाली मालकाचं नाव ठळक असतं. कूपर्सटाउनच्या फलकावर फक्त बैल आहे.

आता ‘पूर्वीचे लोक बघा’ या मुद्द्याकडे. ६७८ इनिंग हा आकडा आजच्या पिचरच्या तोंडावर फेकणाऱ्याला त्या खेळाचे नियम माहीत असतात का, ही मला शंकाच आहे. तेव्हा पिचर ५० फुटांच्या रेषेमागच्या चौकोनातून टाकत असे. आजचं ६० फूट ६ इंचांचं अंतर १८९३ साली आलं. खांद्यावरून हात फिरवून टाकायची मुभा नॅशनल लीगने १८८४ सालीच दिली. त्याआधी हात खालून किंवा बाजूने यायचा, आणि रॅडबॉर्नची घडण त्या जुन्या पद्धतीत झालेली. बॅटरला चेंडू उंच हवा की खाली, हे आधी सांगायचा हक्क होता. ‘बॉल’ म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेर पडलेला चेंडू; आजच्यासारखे चार नव्हे, तर असे सहा बॉल झाल्यावर बॅटरला फुकटचा बेस मिळे. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायची गरज नसे. एकूण खेळच असा होता की एका माणसाने खूप चेंडू टाकायचे, पण प्रत्येक चेंडूला खांद्यावर पडणारा ताण आजच्यापेक्षा बराच कमी. हे सांगून रॅडबॉर्नची उंची मला कमी करायची नाही. त्या नियमांत खेळणाऱ्या बाकीच्या एकाही पिचरला एका मोसमात त्याच्याइतके सामने जिंकता आले नाहीत. सांगायचं एवढंच की त्याच्या इनिंग आणि आजच्या इनिंग एका तराजूत घालता येत नाहीत.

आणि जे टिकले नाहीत त्यांची नावं कोणी घेत नाही. स्वीनीचंच बघा. १८८४ मध्ये दोन लीग मिळून त्याने ४१ सामने जिंकले. नंतर हात गेला आणि १८८७ला मोठ्या लीगमधली कारकीर्द संपली. रॅडबॉर्नचा प्रॉव्हिडन्समधला जुना जोडीदार जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७९ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ४७ सामने जिंकले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याने बफेलोच्या एकाही बॅटरला बेसवर पोचू दिलं नाही. त्या दोन वर्षांत त्याने ११००हून जास्त इनिंग टाकल्या. तिथून त्याच्या इनिंग दरवर्षी घसरत गेल्या. १८८४ मध्ये बेसवर घसरताना उजवा हात दुखावला आणि २४व्या वर्षी त्याचं पिचिंग कायमचं बंद झालं. हा गडी जिद्दी, डाव्या हाताने चेंडू फेकत सेंटर फील्डला उभा राहिला आणि पुढे शॉर्टस्टॉप म्हणून नाव काढलं. पण ‘पूर्वीचे लोक’ म्हणताना डोळ्यांपुढे येतो तो ११ मोसम तगलेला रॅडबॉर्न. एकोणिसाव्या शतकातल्या डझनावारी पिचरांचे हात तीनचार वर्षांत निकामी झाले, ते आपल्या आठवणीत नाहीत.

१८८२ साली या दोघांनी मिळून एक सामना जिंकला होता, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७ ऑगस्टला डेट्रॉइटविरुद्ध वॉर्डने अठराच्या अठरा इनिंग टाकल्या. त्या दिवशी राइट फील्डला असलेल्या रॅडबॉर्नने अठराव्या इनिंगमध्ये होमरन मारला. निकाल १–०. पुढे रिझर्व्हच्या प्रश्नावर दोघांनी दोन वेगळ्या वाटा घेतल्या. रॅडबॉर्नने एकट्यापुरता सौदा केला. वॉर्डने संघटना काढली.

एकट्याच्या सौद्याचं काय झालं? मोसम संपल्यावर रॅडबॉर्नने प्रॉव्हिडन्सशीच, वाढीव पगारावर, पुन्हा सही केली. वर्षभराने तो क्लब आर्थिक ओढाताणीत विकला गेला आणि रॅडबॉर्न सामानासुमानासकट बोस्टनच्या हाती पडला. सुटकेसाठी खांदा झिजवलेला माणूस दोन मोसमांच्या आत मालमत्तेच्या यादीत. १८८६च्या सलामीच्या सामन्याआधी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या संघांचा एकत्र फोटो काढला गेला. मागच्या रांगेत रॅडबॉर्न उभा आहे, मिशा, टोपी, चेहरा ठार कोरा, आणि एका हाताचं मधलं बोट कॅमेऱ्याकडे. त्या अश्लील खुणेचा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानतात. पुढच्या वर्षी त्याने सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डासाठीही तोच प्रकार केला. हे बोट मालकांना होतं, न्यूयॉर्कवाल्यांना की छायाचित्रकाराला, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे लावावा. माझा कल कुठे आहे हे वाचकाला कळलंच असेल.

वॉर्डची वाट लांबची होती. खेळता खेळता तो कोलंबियात कायदा शिकला आणि १८८५ साली वकिलीची पदवी घेतली. त्याच वर्षी ब्रदरहूड ऑफ प्रोफेशनल बेसबॉल प्लेअर्स ही खेळाडूंची संघटना उभी केली. ऑगस्ट १८८७ मध्ये एका मासिकात लेख लिहून त्याने रिझर्व्हच्या नियमाची तुलना पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत आणणाऱ्या कायद्याशी केली. तुलना झणझणीत होती. पण त्याच्या एकच महिना आधी, १४ जुलैला, इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं होतं की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. गुलामीचा दाखला गोऱ्या खेळाडूंसाठी वापरला जात असताना, ज्यांचे आईबाप खरोखर गुलाम होते त्यांना दारातूनच परत पाठवलं जात होतं. ब्रदरहूडने त्यावर लढा उभारला नाही. वॉर्डचं मोठेपण मान्य करताना हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

१८८८ मध्ये मालकांनी खेळाडूंची ए ते ई अशी वर्गवारी केली आणि पगाराला १,५०० ते २,५०० डॉलरचं कुंपण घातलं. नुसत्या खेळावरून वर्ग ठरत नव्हता, मैदानाबाहेरची वागणूकही मोजली जायची. खेळाडूंचा संयम सुटला. १८९० साली ब्रदरहूडने स्वतःची प्लेअर्स लीग काढली. आठ संघ, रिझर्व्ह नाही, कारभारात भांडवलदारांच्या बरोबरीने खेळाडूही. न्यूयॉर्क क्लबने वॉर्डला कोर्टात खेचलं. जानेवारीत न्यायमूर्ती ओब्रायन यांनी क्लबला मनाई हुकूम द्यायला नकार दिला. एक बाजू कायमची बांधलेली आणि दुसरी दहा दिवसांत मोकळी होणारी, असा एकतर्फी करार कोर्टाने राबवावा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. रॅडबॉर्नही या लीगमध्ये आला. ३५ वर्षांचा झाला होता, तरी बोस्टनसाठी २७ सामने जिंकले, आणि बोस्टनने विजेतेपद घेतलं.

लीग एक मोसम चालली. नॅशनल लीगच्या बाजूने लढाईची सूत्रं आल्बर्ट स्पॉल्डिंगच्या हातात होती, आणि हा गृहस्थ स्वतः पिचर होता! १८७५ साली ५४ सामने जिंकलेला. नंतर पिचिंग सोडून तो खेळाच्या सामानाचा कारखानदार आणि शिकागो क्लबचा मालक झाला. खेळाडूचा खांदा काय असतो हे त्याला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं. दोन्ही बाजूंना प्रचंड तोटा झाला होता. पण प्लेअर्स लीगला पैसा पुरवणाऱ्यांचा धीर आधी सुटला, त्यांनी खेळाडूंना बाजूला ठेवून मालकांशी तडजोड केली आणि लीग गुंडाळली. बहुतेक खेळाडू आपापल्या जुन्या क्लबांत परतले.

स्पॉल्डिंग आणि मंडळींचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नव्हता. १८७०च्या दशकात क्लब मोसमाच्या मध्यात बुडायचे, खेळाडू ऐन सामन्यांच्या तोंडावर जास्त पैसे देणाऱ्याकडे जायचे, वेळापत्रकाचा बोऱ्या वाजायचा. श्रीमंत शहराने सगळे चांगले खेळाडू उचलले तर लहान शहराच्या संघाला प्रेक्षक कुठून येणार? हा प्रश्न आजही खोटा नाही. पण रिझर्व्ह असतानाही प्रॉव्हिडन्ससारखं लहान शहर विजेतेपदानंतर वर्षभरात नकाशावरून गेलंच की. नियमाने लहान क्लब वाचले नाहीत, पगार मात्र दबले. स्थैर्य हवं असेल तर करार पाच वर्षांचा करा, दोन्ही बाजूंनी बांधा, पगार आधी ठरवा. मालकांना नेमकं हेच नको होतं, कारण त्यात त्यांचेही हात बांधले जात होते.

सिराजने पाच कसोट्या टाकल्या याचं कौतुक मलाही आहे. पण एखाद्या बोलरने किती टाकावं, मधे विश्रांती कधी घ्यावी, त्याच्या आयपीएलच्या करारात आणि देशाच्या सामन्यांत टक्कर झाली तर कोणाचं चालणार, हे आपल्याकडे कोण कोणाशी बोलून ठरवतं? लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ साली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळत असलेल्यांची, मंडळासमोर बसून वाटाघाटी करू शकणारी संघटना भारतात नाही. बुमरासारख्या मोठ्या बोलरला स्वतःपुरती अट घालता येते, जशी रॅडबॉर्नला त्या जुलैत घालता आली. रणजीत एकेका मोसमात शेकडो षटकं टाकणाऱ्या, नाव नसलेल्या पोराला कोण विचारतो? ‘वर्कलोड’ हा शब्द काढायचा तर खुशाल काढा, पण त्या जागी वाटाघाटीचं टेबल मांडा. माजी खेळाडूंनी वर्तमानपत्रांतून सहनशक्तीचे धडे देण्यापेक्षा, ज्या संघटनेचं सदस्यत्व त्यांना मिळालं आहे ती आजच्या खेळाडूंनाही मिळावी म्हणून आवाज उठवला तर जास्त उपयोग होईल.

रॅडबॉर्न १८९१ मध्ये सिनसिनाटीकडून शेवटचा खेळला. ब्लूमिंग्टनला परतून त्याने बिलियर्ड आणि दारूचा अड्डा चालवला, शिकारीतल्या अपघातात एक डोळा गमावला आणि १८९७च्या फेब्रुवारीत, ४२व्या वर्षी गेला. या मरणाचा पिचिंगशी संबंध जोडायचा मोह काही लेखकांना होतो. तसा काही आधार नाही.

रिझर्व्हचं कलम त्याच्यानंतर ७८ वर्षं जगलं. १९७२ मध्ये कर्ट फ्लड हा खेळाडू या कलमाविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. अखेर २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर सेट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघांना मोकळं ठरवलं. दोघेही पिचर. त्यांच्यामागे मार्विन मिलर यांनी पोलाद कामगारांच्या चळवळीतून येऊन बांधलेली खेळाडूंची संघटना होती. मालकांनी सेट्झ यांना लगोलग लवादपदावरून काढलं, कोर्टात गेले, तिथेही हरले आणि १९७६ मध्ये टेबलावर बसले. तेव्हा ठरलेला सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक देणारा नियम अजून लागू आहे. मालक आणि खेळाडूंमधल्या सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ची आहे.